बंद घराची खबर: समुद्राकाठच्या सोसायटीने सभासदांना काय कळवायचं आणि काय करून द्यायचं

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर त्यांची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे, बिल्डिंग १८ वर्षांची, कायम राहणारी घरं फक्त ११ आणि बाकीचे मालक मुंबई-पुण्याला, दोघं-तिघं परदेशात. ताई यंदाच सेक्रेटरी झाल्यात. ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज पडतात पण कामाचं कोणी वाचत नाही, मेंटेनन्स थकलाय, आणि बाहेरगावचे सभासद विचारतात की आम्ही राहतच नाही तर सोसायटी आमच्यासाठी करते काय. तर सभासदांना नेमकं काय कळवावं आणि कुठल्या सेवा द्याव्यात, हे त्यांना हवंय.

ताई, मी सिव्हिलवाला. अलिबागपासून दापोलीपर्यंतच्या सोसायट्यांचं रिपेअर आणि देखभाल बघतोय त्याला २३ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला जे कळलं ते आधीच सांगून टाकतो. बाहेरगावच्या माणसाला सोसायटीची बातमी नको असते, त्याला त्याच्या घराची बातमी हवी असते. बी-२०४ च्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे का नाही, एवढंच. ते त्याला वेळेवर, फोटोसकट, त्याच्या नावाने कळलं की तो बाकीचं पण वाचतो आणि पैसे पण देतो. बातमी आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका, बंद घरात जाऊन बघून येणं हीच सेवा आणि काय दिसलं ते कळवणं हीच बातमी.

हे मला शिकवलं ते निसर्ग चक्रीवादळाने. ३ जून २०२०, दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, इकडे दापोली-मंडणगड, नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली ती कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही आणि मोबाईलचे टॉवर बंद. वर लॉकडाऊन, मुंबईहून यायचं तर पास लागत होता. तेव्हा मी बघत असलेल्या एका सोसायटीचा सगळा कारभार व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालायचा, सभासदांचे नंबर माझ्या आणि चेअरमनच्या फोनमध्ये, दुसरीकडे कुठेच नाहीत. फोन डिस्चार्ज झाला आणि सगळं संपलं. शेवटी वॉचमन डोंगरावर गेला, तिथे रेंजची एक काडी मिळाली, पण त्याला फोन करायला नंबरच पाठ नव्हता कोणाचा. तीन दिवस चोवीस घरांना कळलंच नाही की आपलं छप्पर आहे का उडालं. त्यात एका आजोबांनी आयुष्यभराची कमाई त्या फ्लॅटमध्ये घातली होती, ते नंतर फोनवर अक्षरशः रडले, आणि त्यांच्या घराला काहीच झालं नव्हतं हो, एक काच सुद्धा फुटली नव्हती. ते तीन दिवस आम्ही वाचवू शकलो असतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, ते किनाऱ्याला न धडकता समुद्रातून वर गुजरातला गेलं पण वारा-पाऊस आपल्याकडे जोरात होता. तोपर्यंत आम्ही एक साधी गोष्ट केली होती. कागदावर यादी, लॅमिनेट करून एक वॉचमनच्या केबिनमध्ये, एक चेअरमनच्या घरी, एक गावातल्या किराणावाल्याकडे. त्यावर प्रत्येक घराचे दोन नंबर, एक मालकाचा आणि एक दुसऱ्या शहरातल्या नातेवाईकाचा. आणि आधीच ठरलेलं की रेंज गेली तर वॉचमनने किंवा कोणीतरी रेंज असेल तिथे जाऊन फक्त पुण्यातल्या एका सभासदाला फोन करायचा, घरनिहाय दोन-दोन शब्दांत सांगायचं आणि पुढचे सगळे फोन त्या पुण्याच्या बाईंनी करायचे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. तुम्ही पहिलं काम हे करा, मीटिंग-ठराव काही लागत नाही त्याला. त्याच कागदावर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, राज्याचा १०७०, इमर्जन्सीचा ११२ आणि महावितरणच्या तुमच्या सेक्शन ऑफिसचा नंबर लिहा.

आता आगोटीच्या कामांचं. आपल्याकडे मृगाच्या आधी घराची जी बांधाबांध चालते ती सोसायटीने बंद घरांसाठी पण करायची. एप्रिलच्या शेवटी प्रत्येक मालकाला विचारून चावी घ्या, पाकिटात घालून वर सही करून सील करा, रजिस्टरला नोंद. ज्याला चावी द्यायची नाही त्याच्याकडून तसं लिहून घ्या म्हणजे नंतर वाद नको. मग १५ मे पासून एकेक घर: खिडक्यांचे रबर आणि ट्रॅकची भोकं साफ आहेत का (ती बुजली की पाणी आत येतं, गळती भिंतीची नसतेच), गॅलरीची जाळी आणि पाण्याचा निचरा, एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट गंजले आहेत का, गॅलरीत सुट्ट्या कुंड्या-खुर्च्या असतील तर आत. वादळाचा इशारा आला की मेन स्विच बंद. फ्रीज रिकामा आणि दार उघडं ठेवलेलं, गॅसचा रेग्युलेटर काढलेला.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा घर उघडून खिडक्या तासभर उघड्या, पंखा चालू, नळ सोडायचे आणि बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) तांब्याभर पाणी ओतायचं. हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात, आणि मालक दिवाळीला येतो तेव्हा म्हणतो बिल्डिंगचं ड्रेनेज खराब आहे. प्रत्येक फेरीला तेच पाच फोटो काढायचे, त्याच कोपऱ्यातून त्याच अँगलने, हॉल, बेडरूमची समुद्राकडची भिंत, किचनचं सिलिंग, बाथरूम, गॅलरीचा स्लॅब खालून. तीन महिन्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की ओल वाढतेय का तिथेच आहे ते मालक स्वतः बघतो, तुम्हाला पटवावं लागत नाही. फोटो त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा, ग्रुपवर कधीच नाही. कोणाच्या घरात काय आहे ते सगळ्यांनी बघायचं कारण नाही आणि कुठलं घर रिकामं आहे हे पण बाहेर जायला नको. या फेरीचे वेगळे पैसे घ्या, ज्याला हवी त्याच्याकडून, दोन माणसं एकत्र जातील आणि रजिस्टरवर दोघांच्या सह्या होतील असं बघा.

गॅलरीचा स्लॅब खालून का म्हणालो ते सांगतो, कारण समुद्राकाठी खरा खर्च तिथे आहे. खारा वारा म्हणजे वाऱ्यात मिठाचे बारीक कण, ते काँक्रीटच्या बारीक भोकांतून हळूहळू आत सळईपर्यंत जातात. सळई गंजली की गंजाची जागा मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते, मग आतून दाब येऊन सळईच्या रेषेतच सरळ चीर पडते, नंतर पोपडे सुटतात आणि सळई उघडी. आयएस ४५६ (२०००) या आपल्या काँक्रीटच्या मानकात किनाऱ्यावरचं बांधकाम 'सिव्हियर', म्हणजे तीव्र माऱ्याच्या वर्गात धरलंय, त्याला कमीत कमी एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, लागतो. मी फोडून बघितलेल्या कितीतरी जुन्या गॅलऱ्यांमध्ये कव्हर १५-२० मिलिमीटर पण नव्हतं, काही ठिकाणी खाडीची वाळू वापरलेली, म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून आतच.

अशा चिरेवर साधं सिमेंट लिंपून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं, दोन पावसाळ्यात परत फुटतं आणि तोवर सळई अजून बारीक झालेली असते. बरोबर रिपेअर म्हणजे सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडायचं, गंज पूर्ण घासून काढायचा, सळई फारच बारीक झाली असेल तर जोड द्यायचा, गंजरोधक कोट, मग बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर नाहीतर मायक्रो काँक्रीट. काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा, कारण वरून रंग लागला की आत काय झालं ते कोणालाच दिसत नाही. तुमची बिल्डिंग १८ वर्षांची, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. समुद्राकाठी मी तर म्हणतो १५ व्या वर्षीच पहिलं करून घ्यावं. तुमचं झालेलं दिसत नाही पत्रावरून, तर याच वर्षी घ्या. ऑडिटरला नुसती हातोडीने टकटक आणि फोटो एवढ्यावर सोडू नका, काँक्रीटची ताकद आणि आतल्या पोकळ्या बघणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्टसोबत हाफ-सेल पोटेन्शियल टेस्ट (सळईचा गंज चालू आहे का ते सांगणारी) आणि काँक्रीटमधलं क्लोराइड, म्हणजे मीठ, तपासणं हे दोन्ही मागा, कारण आपला आजार गंजाचा आहे आणि गंज कुठे चालू आहे ते पहिल्या दोन टेस्टमध्ये कळत नाही.

आणि हो, रिपोर्ट आला की तो फाइलला लावून ठेवू नका. दोन पानी मराठी सारांश करून प्रत्येक सभासदाला द्या, तुमच्या फ्लॅटला काय, कॉमनला काय, किती घाई आहे, किती पैसे. मी एका ठिकाणी बघितलंय की कमिटीने लोक घाबरतील म्हणून रिपोर्ट दाबला, दोन वर्षांनी गॅलरीचा तुकडा पडला. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण त्यानंतर त्या कमिटीच्या कुठल्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि दुरुस्तीची वर्गणी जमवायला अजून दोन वर्षं गेली.

पैशाचं बोलू. बाहेरगावच्यांचा जो मुद्दा आहे, की घर बंद म्हणून मेंटेनन्स कमी, तो नियमात बसत नाही हे त्यांना शांतपणे एकदा लिहून सांगा. सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे असतात, घर उघडं असो वा बंद. वॉचमन, जिन्याचे दिवे, लिफ्ट, साफसफाई चालूच असते. उलट बाजू पण तेवढीच सांगा, की घर नुसतं बंद आहे म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो जादा आकार) लावता येत नाही. तो भाड्याने दिलं तरच, आणि तो सुद्धा सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच, २००१ पासून शासनाचा आदेश आहे. काही सोसायट्या बंद घरांकडून जास्तीचे घेतात, ते चूक आहे. तुमच्याकडे घेत असतील तर बंद करा, त्याने लोकांचा विश्वास बसेल. थकबाकीवर व्याज सरळव्याजाने, आणि उपविधीत दिलेल्या मर्यादेच्या वर नाही.

सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, बघा किती जमतोय. बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी ०.२५ टक्के सिंकिंग आणि ०.७५ टक्के रिपेअर फंड, असं उपविधीत आहे. फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर वर्षाला ५,००० आणि १५,०००, म्हणजे महिन्याला साधारण १,६७० रुपये दोन्ही मिळून. ३२ घरांचे वर्षाला ६ लाख ४० हजार. बऱ्याच सोसायट्या दोन्ही मिळून दोनशे रुपये घेतात आणि मग मोठं काम निघालं की एकदम घरटी दीड-दोन लाख मागतात, आणि निवृत्त माणूस ते कुठून आणणार? मी तर हा हिशेब जसाच्या तसा सभासदांना पाठवतो, वर्षाला किती जमतात, ऑडिटने किती सांगितलेत, किती कमी पडतात. खूप जण आकडे बघून आपणहून तयार होतात. गळतीचं पण एकदा स्पष्ट करा. टेरेसमधून, बाहेरच्या भिंतीतून, कॉमन पाइपमधून येणारं पाणी सोसायटीचा खर्च, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतं ते त्या दोन सभासदांमधलं. या एका वाक्याने निम्मी भांडणं मिटतात असा माझा अनुभव.

इन्शुरन्स. बिल्डिंगचा घ्या, वादळ-पूर त्यात आहे ना ते वाचून घ्या, आणि रक्कम बाजारभावाची नाही तर परत बांधायला किती लागतील त्याची. कंपाउंड वॉल, पंप, लिफ्ट, सोलर हे यादीत लिहिलेलं पाहिजे. आणि ते जे दर महिन्याचे फोटो आहेत ना, क्लेमच्या वेळी वादळाच्या आधी घर कसं होतं त्याचा तोच पुरावा.

सीआरझेडबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांबद्दल, तुम्ही ओझरतं विचारलंय, पण यात सभासद मोठ्या अडचणीत येतात म्हणून जरा थांबतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा यात येतो, पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची आणि २०१९ ची. आहे त्या अधिकृत इमारतीची आहे तेवढ्यातच दुरुस्ती करायला अडचण नसते. पण टेरेसवर पत्र्याची शेड टाकून खोली करणं, गॅलरी पुढे वाढवणं, समुद्राकडच्या मोकळ्या जागेत शेड घालून हॉटेल चालवणं, हे नवीन बांधकाम. त्याला स्थानिक परवानगी तर लागतेच, वर किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाचं पण बघावं लागतं. तुमची जागा कुठल्या वर्गात येते ते मंजूर नकाशावर तपासून एकदाच लिहून सगळ्यांना कळवा, म्हणजे उद्या कोणी "मला माहीत नव्हतं" म्हणणार नाही. आणि समुद्र आत येतोय म्हणून स्वतःच दगड आणून टाकणं पण नको. विनापरवाना तर आहेच, शिवाय तुमच्यासमोर थांबलेली लाट शेजारच्याची वाळू घेऊन जाते. धूपप्रतिबंधक बंधारा हे सरकारी काम, त्यासाठी ग्रामपंचायतीतर्फे मागणी करा. सुरूची झाडं तेवढी वाचवा, ती वारा आणि मीठ दोन्ही अडवतात. व्ह्यू येत नाही म्हणून झाडं तोडायची मागणी तुमच्याकडे येईल, ठाम नाही म्हणा.

पाणी. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि गोड्याची पातळी एक मीटर खाली गेली की खालचं खारं पाणी साधारण ४० मीटर वर सरकू शकतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये सुट्टीला सगळी घरं भरली की बोअरवेल दिवसभर ओढतात आणि पाणी मचूळ होतं, आणि एकदा खारं झालं की लवकर गोडं होत नाही. एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या, दर सोमवारी वॉचमनने आकडा फळ्यावर लिहायचा. पिण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरा सोर्स नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आकडा चढायला लागला की पंपाचे तास कमी करा आणि टँकरचं ठरवा, आणि सुट्टीला येणाऱ्यांना निघायच्या आधी कळवा, इथे आल्यावर नाही.

भरती-वाऱ्याची बातमी द्यायची तर फॉरवर्ड आलेलं काहीही पुढे पाठवू नका. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आणि उंच लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा इशारा, दोनच. गावातले दालदी-कोळी लोक सांगतात ते पण ऐका, बंदरावर धोक्याचा बावटा किती नंबरचा लागलाय ते त्यांना आधी कळतं. भरतीची वेळ त्यांची तिथीवर असते, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीचा तास, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता पूर्ण भरती, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला आणि तेव्हाच उधाण. थोडं मागेपुढे होतं, पण ऐन पावसात पौर्णिमा आणि वर ऑरेंज अलर्ट असं एकत्र आलं की खालच्या पार्किंगमधल्या गाड्या आदल्या रात्रीच वर घ्यायला सांगा.

होमस्टेवाल्यांचं थोडक्यात. शनिवार-रविवार फ्लॅट देणारे तुमच्याकडे असतीलच, भांडू नका, जनरल बॉडीत नियम करा, पाहुण्यांची नोंद गेटवर, पाणी आणि आवाजाची वेळ.

आता हे सगळं पाठवायचं कसं. चालू ग्रुप लोकांच्या गप्पांसाठी राहू द्या, तो बंद केला तर लोक नाराज होतात. दुसरा फक्त सूचनांचा करा, त्यात लिहिणार फक्त तुम्ही आणि चेअरमन. आठवड्याला एकच मेसेज, ठराविक वारी, आणि पहिल्या ओळीतच कोणाला काय करायचंय ते. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" ने सुरुवात केली तर पुढे कोणी जात नाही, त्यापेक्षा "ए विंग, मंगळवारी १० ते १ पाणी नाही, टाकी धुणार" असं लिहा. ज्यांचं वय झालंय त्यांना फोन, आणि जिन्याखाली फळा राहू द्या. तीन महिन्यांनी एक पान हिशेबाचं. जनरल बॉडी मात्र ३० सप्टेंबरच्या आत, १४ दिवसांची नोटीस देऊन रीतसर, ती व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. शक्य असेल तर गणपतीच्या सुट्टीला जोडून ठेवा, चाकरमानी तेव्हाच येतात, बाकी वर्षभर कोरमला माणसं मिळत नाहीत.

हे सगळं पहिल्या वर्षी नाही जमणार तुम्हाला एकटीला. यंदा यादी, चाव्या आणि ऑडिट, एवढं करा, बाकी पुढच्या वर्षी. ऑडिट रिपोर्ट आला की हाफ-सेलचे आकडे आणि समुद्राकडच्या कॉलमचे फोटो मला पाठवा, कुठला भाग पावसाच्या आधी घ्यायचा आणि कुठला दिवाळीनंतर चालेल ते बघून सांगतो.